कर्म एक, संप्रदान दुसरे : ‘द अनटचेबल्स’मधील टोळीनायकाच्या क्रौर्याविषयी

गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गापुढे वाक्याचा अर्थ आणि वाक्याचे कार्य यांतील भेदाची चर्चा चालू असताना एका विद्यार्थ्याने एक अनपेक्षित उदाहरण पुढे केले. ब्रायन डी पाल्मा यांच्या ‘द अनटचेबल्स’ (१९८७) या चित्रपटात शिकागोचा टोळीनायक अल कपोन आपल्याच सहकाऱ्यांना मेजवानी देतो, बेसबॉल या खेळावर त्यांच्यापुढे एक लहानसे व्याख्यान करतो आणि ते संपताच हातातील बॅटने त्यांच्यापैकी एकाचे डोके फोडतो. व्याख्यानाचा अर्थ तर सर्वांना कळला होता. मग बॅटची गरज काय होती, असा त्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता. हा चित्रपटसमीक्षेचा प्रांत आहे, भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात पाऊल घालू नये, असे काहींना वाटेल. त्या दिवशी मलाही तसेच वाटले व मी विषय बदलला. परंतु प्रश्न मनातून जाईना. चित्रपट पुन्हा दोनदा पाहिल्यावर असे दिसू लागले की, प्रश्न आमच्याच शास्त्राचा आहे. किंबहुना आमच्या शास्त्राच्या परिभाषेवाचून त्याचे उत्तर नीट देताच येत नाही.

अशा प्रसंगांची जी उत्तरे सामान्यतः दिली जातात ती तीन प्रकारची असतात. टोळीनायक विकृत आहे, रक्त पाहून त्याला सुख होते, हे पहिले. खलनायकाविषयी प्रेक्षकाच्या मनात तिरस्कार उत्पन्न व्हावा म्हणून दिग्दर्शक असे प्रसंग योजतो, हे दुसरे. आणि प्रेक्षकालाच अशी दृश्ये हवी असतात, तेव्हा निर्माता ती पुरवितो, हे तिसरे. यांपैकी शेवटच्या दोन उत्तरांत चित्रपट का असा आहे याचे कारण मिळते, टोळीनायक का असा आहे याचे मिळत नाही. पहिले उत्तर निदान पात्राविषयी आहे. परंतु विकृत मनुष्य मेजवानीची आमंत्रणे धाडीत नाही, सर्वांना कृष्णवर्णी समारंभवेषात गोल मेजाभोवती बसवीत नाही आणि प्रहार करण्यापूर्वी उपमा योजून भाषण तयार करीत नाही. येथे रागाच्या आधी रचना आहे. जेथे रचना आहे तेथे ती कोणासाठी केली हे विचारलेच पाहिजे.

प्रसंग प्रथम तपशिलाने पाहू. काळ १९३० चा. अमेरिकेत मद्यबंदी जानेवारी १९२० मध्ये अमलात आली होती व ती डिसेंबर १९३३ पर्यंत टिकावयाची होती. मद्याच्या चोरट्या व्यापारावर कपोनचे साम्राज्य उभे आहे. एलियट नेस या सरकारी अधिकाऱ्याने व त्याच्या चार जणांच्या पथकाने नुकतीच मद्याच्या एका साठ्यावर पहिली यशस्वी धाड घातली आहे. त्यानंतर ही मेजवानी येते. कपोन (रॉबर्ट डी नीरो) मेजाभोवती सावकाश फिरतो आहे. हातात बॅट आहे, परंतु ती प्रथम विनोदाची सामग्री वाटते. थोर पदाला पोचलेल्या माणसाला काही ना काही आवडी असाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते, येथून तो आरंभ करतो. माझी आवड कोणती, असे विचारतो. मंडळी स्त्रिया, मद्य अशी उत्तरे देऊन हसतात. तो मात्र बेसबॉलचे नाव घेतो. मग मुद्दा असा : फलंदाज चेंडूला सामोरा उभा राहतो तेव्हा तो एकटा असतो, ती वेळ ज्याच्या त्याच्या पराक्रमाची; पण क्षेत्ररक्षणास उतरला की तो संघाचा एक अवयव असतो, आणि संघ हरला तर त्याच्या धावांना कोणी विचारीत नाही. मंडळी माना डोलावतात, संघ हा शब्द पुटपुटतात. तेवढ्यात त्यांच्यापैकी एकाच्या मागे येऊन कपोन बॅट उगारतो आणि ती त्याच्या मस्तकावर पुनःपुन्हा घालतो. शेवटी कॅमेरा उंच जातो व आपल्याला वरून दिसते ते शुभ्र मेजवस्त्रावर पसरत जाणारे रक्त.

डेव्हिड मॅमेट या नाटककाराने लिहिलेले हे भाषण व्याकरणाच्या दृष्टीने मोठे मनोवेधक आहे. त्यात एकही आज्ञार्थी क्रियापद नाही. अमुक करा, तमुक करू नका, असे कपोन म्हणत नाही. कोणावर आरोप नाही, गमावलेल्या साठ्याचा उल्लेख नाही, दोषी माणसाचे नावही नाही. कर्ता सर्वत्र ‘एखादा मनुष्य’ असा सामान्य, काळ बहुतेक ठिकाणी साधा वर्तमान. म्हणजे सुभाषितांचा किंवा शास्त्रवचनांचा काळ. आणि भाषणाचा मोठा भाग प्रश्नरूप आहे. तो प्रश्न टाकतो, थांबतो आणि उत्तर स्वतःच देतो किंवा मंडळींकडून वदवून घेतो. मध्येच, समजते आहे ना, असेही विचारतो. गुरूने शिष्यांकडून पाठ म्हणवून घ्यावा तशी ही रीत आहे. सर्वांत मोठी सत्ता ज्याच्या हाती आहे त्याला आज्ञार्थाचे प्रयोजन राहत नाही, विधानच आज्ञेचे काम करते, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या बोलण्यावरूनही ओळखीचे आहे. ‘दार उघडे दिसते’ असे आजोबा म्हणाले की कोणीतरी उठून ते लावतोच.

मग बॅट कशाला? विद्यार्थ्याचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो व तो आता अधिक तीक्ष्ण झालेला असतो.

पाणिनीने संप्रदानाची जी व्याख्या दिली आहे ती येथे उपयोगी पडते. कर्माच्या द्वारे कर्ता ज्याला गाठू इच्छितो, ज्याचा त्याच्या मनात उद्देश असतो, ते संप्रदान. गाय हे कर्म, ब्राह्मण हे संप्रदान, हे परंपरेचे उदाहरण. ही व्याख्या दानापुरतीच घ्यावी की इतर क्रियांनाही लावावी याविषयी वैयाकरणांत जुना खल आहे. त्यात येथे शिरावयाचे कारण नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, क्रिया ज्याच्यावर घडते तो एक आणि क्रिया ज्याच्यासाठी घडते तो दुसरा, हा भेद व्याकरणाने फार पूर्वी ओळखला. मेजवानीच्या प्रसंगात फुटलेले मस्तक हे केवळ कर्म आहे. त्या माणसाला कपोनला काहीही सांगावयाचे नाही. सांगावयाचे असते तर तो मरणार नाही अशी काळजी त्याने घेतली असती. मेलेला मनुष्य काही शिकत नाही. प्रहाराचे संप्रदान म्हणजे उरलेली मंडळी. मराठीत तर हे सूत्र म्हणीतच आहे : लेकी बोले, सुने लागे. फरक एवढाच की, म्हणीतील लेक बोलणे ऐकून घेते व जगते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे मेजवानीचे सर्व अवयव जागच्या जागी बसतात. मेज गोल आहे, कारण प्रत्येकाने प्रत्येकाचा चेहरा पाहिला पाहिजे. वस्त्र पांढरे आहे, कारण डाग दिसला पाहिजे. भाषण सामान्य विधानांचे आहे, कारण कोणाचेही नाव घेतले तर बाकीच्यांची सुटका होते. शत्रूला मारावयाचे तर गल्लीतही मारता आले असते, आणि ते काम करणारी माणसे कपोनपाशी पैशाला पासरी आहेत. येथे बॅट स्वतःच्याच हातात घेतली आहे, ही गोष्ट प्रथमपुरुषी सर्वनामासारखी आहे. ‘हे मी बोलतो आहे’ असे प्रत्येक वाक्यात म्हणावे लागत नाही. पण दस्तऐवजावर मात्र स्वतःची सही लागते.

दस्तऐवजाचा उल्लेख सहज आला. परंतु माझ्या मते या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत (ती १९६२ साली ग्रंथरूपाने आली) दाखवून दिले की, ‘मी वचन देतो’, ‘मी हे जहाज अमुक नावाने जलावतरित करतो’ यांसारख्या वाक्यांनी जगाचे वर्णन होत नसते, कृती घडत असते. पण ती घडण्यासाठी वाक्याच्या पाठीशी एक मान्य रूढी, योग्य व्यक्ती आणि योग्य परिस्थिती लागते. न्यायाधीशाने उच्चारलेल्या शिक्षेमागे न्यायालय असते, तुरुंग असतो आणि लेखी निवाडा असतो. मॅक्स वेबर यांनी १९१९ साली राज्यसंस्थेची व्याख्या करताना तिचे लक्षण म्हणून अधिकृत बलप्रयोगाची मक्तेदारी सांगितली ती याच अर्थाने. न्यायाधीशाला स्वतः हात उचलावा लागत नाही, कारण त्याच्या शब्दामागे हात उचलणाऱ्यांची एक अख्खी व्यवस्था मुकाट उभी असते.

टोळीनायकाजवळ यांपैकी काय आहे? मद्याचा व्यापार बेकायदा. म्हणून त्यातील कोणताही करार न्यायालयात नेता येत नाही. माल पोचला नाही, पैसे बुडाले, भागीदाराने दगा दिला, तरी फिर्याद नाही. करार लिहिताही येत नाही, कारण लेख म्हणजे पुरावा. सारा कारभार तोंडी. दिएगो गाम्बेत्ता यांनी सिसिलीच्या माफियावरील आपल्या ग्रंथात (१९९३) या व्यवसायाचे स्वरूप फार स्वच्छ मांडले आहे : जेथे राज्यसंस्थेवर विश्वास नाही किंवा तिच्याकडे जाता येत नाही तेथे संरक्षण व हमी हाच विकाऊ माल होतो, आणि विकणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याच्या बळाची ख्याती. टोळीनायकाचा शब्द हा असा शब्द आहे की ज्याच्यामागे संस्था नाही. त्या रिकाम्या जागी क्रौर्य येते. मोहोर, मुद्रांक, साक्षीदाराची सही या सर्वांचे काम ते एकटे करते. मेजाभोवती बसलेले सहकारी हे पाहुणे नाहीत, साक्षीदार आहेत.

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या ‘द गॉडफादर’ (१९७२) या चित्रपटाच्या प्रारंभी लग्नसमारंभात मायकेल आपल्या मैत्रिणीला वडिलांची जी हकीगत सांगतो ती या संदर्भात आठवावी. एका वाद्यवृंदाच्या चालकाने एका गायकाला करारात बांधून ठेवले होते. व्हिटो कॉर्लिऑने यांनी त्याला मोकळे करण्यासाठी १०,००० डॉलर देऊ केले, ते नाकारले गेले. दुसऱ्या दिवशी ते ल्युका ब्रासी या आपल्या माणसाला बरोबर घेऊन गेले आणि तासाभरात १,००० डॉलरांत मुक्ततेच्या कागदावर सही झाली. कागदावर एक तर सही पडेल किंवा मेंदू, असा पर्याय पिस्तूल रोखून ठेवण्यात आला होता. ही हकीगत सहसा धाडसाचा नमुना म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती करारशास्त्राचा धडा आहे. हिंसेचा हेतू येथे हत्या नव्हे, स्वाक्षरी आहे. दोन्ही आकड्यांतील ९,००० डॉलरांचे अंतर ही त्या धमकीची बाजारातील किंमत आहे. आणि रक्त व शाई या एकमेकींच्या जागी वापरता येणाऱ्या वस्तू आहेत, असे ते वाक्य अगदी शब्दशः सांगते.

येथे रॉबर्ट वॉरशो या अमेरिकन टीकाकाराचा विचार घेणे आवश्यक आहे. गुंड हा शोकात्म नायक होय असे प्रतिपादन करणारा त्याचा १९४८ चा निबंध लहान असला तरी या विषयावरील सर्व लेखनाचा पाया आहे. गुंडाच्या बाबतीत क्रौर्य हे यशाचे साधनही असते आणि यशाचा आशयही तेच असते, असे त्याचे म्हणणे. ‘लिटल सीझर’ (१९३१) किंवा ‘स्कारफेस’ (१९३२) यांसारख्या चित्रपटांत जो मनुष्य शून्यातून वर चढतो त्याच्याविषयी हे खरे आहे. तो गर्दीतून वेगळा होऊ पाहतो, व प्रत्येक गोळीने ‘मी कोण’ याचे उत्तर देतो. परंतु चढणारा गुंड आणि चढून बसलेला नायक यांत वॉरशो पुरेसा भेद करीत नाही. बसलेल्याला ‘मी कोण’ हे सांगावयाचे नसते. त्याला ‘तुम्ही कोण’ हे सांगावयाचे असते. म्हणूनच कपोनच्या भाषणाचा विषय स्वतःचे थोरपण येथून निघून संघाकडे वळतो. ‘गुडफेलाज’मध्ये (१९९०) हा भेद उघड दिसतो : क्षुल्लक कारणावरून माणसे मारणारा टॉमी हा दुय्यम मनुष्य आहे, प्रमुख पॉली मात्र सावकाश चालतो, थोडे बोलतो आणि निरोपदेखील माणसांकरवी तोंडीच धाडतो. परवानगीवाचून केलेल्या हत्येबद्दल टॉमीलाच पुढे मरावे लागते. क्रौर्यालाही तेथे अधिकारपत्र लागते.

मग प्रश्न असा की, ज्याला बोलूनच भागवता येते तो बॅट कधी उचलतो? याचे उत्तर ‘द अनटचेबल्स’च्या पहिल्याच दृश्यात आहे आणि चित्रपटाची खरी बुद्धी मला तेथे दिसते. कपोन न्हाव्याच्या खुर्चीत पहुडला आहे, भोवती वार्ताहर, कॅमेरा पुन्हा वरून पाहतो आहे. शहरात हिंसा आहे खरी, पण ती माझी नव्हे, कारण ती धंद्याला मारक असते, असे तो खेळीमेळीने सांगतो. इतक्यात वस्तऱ्याचा झटका बसतो आणि गालावर रक्ताचा एक थेंब येतो. न्हाव्याचा चेहरा पांढरा पडतो. खोलीत सारे थबकतात. कपोन बोटावरचे रक्त पाहतो, क्षणभर थांबतो आणि काही हरकत नाही असे सांगून पुन्हा बोलू लागतो. या क्षणी त्याची सत्ता पूर्ण आहे. त्याने काहीच केले नाही, आणि न्हावी मेल्याहून मेला झाला. भोजनप्रसंगाशी या दृश्याची जोडी आहे, हे वरून घेतलेली दोन्ही चित्रे ठेवून दिग्दर्शकाने सुचविले आहे. एकीकडे रक्ताचा थेंब व पूर्ण सत्ता. दुसरीकडे रक्ताचे थारोळे, आणि सत्ता? मधल्या काळात पहिली धाड यशस्वी झाली आहे. पोलिस, पुढारी, न्यायाधीश हे सारे कपोनच्या शब्दात आहेत, हा समज प्रथमच खोटा ठरला आहे. भाषेत नाण्यासारखी घट होते. शब्दाचे मोल उतरले की तोच शब्द अधिक मोठ्याने बोलावा लागतो. बॅट ही त्या भाषणाची पूर्तता नाही. भाषण एकटे पुरेसे नाही याची ती कबुली आहे.

कौटिल्याने दंडाविषयी लिहिताना पूर्वाचार्यांचे मत खोडून काढले आहे ते याच जातीचे आहे. दंडासारखे वश करणारे दुसरे साधन नाही, असे आचार्य म्हणत. कौटिल्य म्हणतो, तसे नाही, तीक्ष्ण दंड करणाऱ्याचा लोकांना उद्वेग येतो, मृदू दंड करणाऱ्याचा उपमर्द होतो, आणि यथार्ह दंड करणारा पूज्य होतो. टोळीनायकाची अडचण अशी की, त्याला यथार्ह दंड ठाऊक नसतो. यथार्ह म्हणजे प्रमाणशीर, आणि प्रमाण ठरविण्यासाठी लिहिलेला नियम लागतो. त्याला मृदू होता येत नाही, कारण उपमर्द झाला की सर्वच गेले. उरतो तीक्ष्ण दंड; आणि तो प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा तीक्ष्ण असावा लागतो.

चित्रपटातील प्रसंगाला इतिहासाचा आधार आहे, पण तो पाहतापाहता हातातून निसटतो. मे १९२९ मध्ये कपोनच्या टोळीतील जॉन स्कालीझे, अल्बर्ट अन्सेल्मी आणि जोसेफ ज्युन्ता यांची प्रेते इंडियाना राज्यात हॅमंड गावाजवळ सापडली. कपोनने त्यांना मेजवानी देऊन मग बॅटने बदडले, ही कथा नंतर सर्वतोमुखी झाली. त्याबद्दल त्याच्यावर कधीही खटला झाला नाही. ती घडली की नाही यापेक्षा ती सांगितली गेली, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. प्रहाराचे संप्रदान जर ऐकणारे असतील, तर बातमीनेही काम भागते, आणि अफवेला खर्चही नसतो. चित्रसृष्टीने ही अफवा पिढ्यान् पिढ्या वापरली आहे. निकोलस रे यांच्या ‘पार्टी गर्ल’मध्ये (१९५८) टोळीनायक एकाला सन्मानचिन्ह म्हणून आणलेल्या चांदीच्या लहान बिलिअर्ड-काठीनेच मेजवानीत झोडपतो, आणि बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये (१९५९) वाढदिवसाच्या भल्यामोठ्या केकमधून बंदूकधारी बाहेर पडून पाहुण्यांना टिपतो व प्रेक्षक खदखदून हसतात. एकच प्रसंग वर्षभराच्या अंतराने भयानक आणि हास्य अशा दोन रसांत जातो, याचे कारण मला असे दिसते की, दुसऱ्यात मेजाभोवती आता कोणी ऐकणारा उरलेला नसतो. ज्यांना धडा द्यावयाचा तेच मारले जातात. संप्रदान नाहीसे झाले की भय संपते व उरतो तो यांत्रिक गोंधळ.

येथवर चित्रपटाची बाजू घेतली. आता एक आक्षेप. ज्या मंडळींसाठी हा सारा खटाटोप झाला त्यांचे पुढे काय होते, हे डी पाल्मा दाखवीतच नाहीत. त्या मेजावरून उठून घरी गेलेला एकही मनुष्य आपल्याला पुन्हा व्यक्ती म्हणून भेटत नाही. त्या रात्रीमुळे कोणी अधिक निष्ठावान झाला, कोणी आतून फुटला, कोणाच्या हाताला कंप सुटला, काहीच कळत नाही. प्रहार मेजाभोवतीच्यांसाठी होता. दिग्दर्शकाने तो आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, वळवून घेतला आणि मेजाभोवतीच्यांना विसरून गेला. वरून घेतलेले ते सुंदर चित्र (ते सुंदर आहे, हीच अडचण) पाहताना आपण छताजवळ असतो, खुर्चीत नसतो. भयाचा भार न वाहता भयाची शोभा तेवढी आपल्याला मिळते. हा दोष लहान नाही.

परंतु याच चित्रपटात पुढे एक प्रसंग आहे, आणि तो भोजनप्रसंगाइतका गाजलेला नसला तरी माझ्या विवेचनाचा मूळ आधार तोच आहे. कॅनडाच्या सरहद्दीवर नेसच्या पथकाने मद्याच्या गाड्या अडविल्या आहेत. कपोनचा एक मनुष्य जिवंत हाती लागला आहे. हिशेबाची सांकेतिक वही सापडली आहे. ती उलगडून सांगावयास तो तयार नाही. बाहेर नेसच्या गोळीने ठार झालेला दुसरा एक गुंड पडला आहे. पथकातील वृद्ध पोलिस मॅलोन (शॉन कॉनरी) बाहेर जातो, त्या प्रेताला धरून उभे करतो, ते जिवंत असल्याप्रमाणे त्याला दरडावतो, उत्तराची वाट पाहतो आणि बंदिवानाच्या देखत त्याच्या तोंडात पिस्तूल घालून गोळी झाडतो. बंदिवान घाबरून बोलू लागतो. कॅनडाच्या अधिकाऱ्याला ही रीत पसंत पडत नाही. नेस त्याला, तुम्ही शिकागोचे नाही, अशा आशयाचे उत्तर देतो.

या प्रसंगात कर्म हे शब्दशः निष्प्राण आहे. गोळीने त्याला काहीही होत नाही. वेदना नाही, हत्या नाही, सूडही नाही. विकृतीचे किंवा रागाचे स्पष्टीकरण येथे कोणालाही देता येणार नाही. उरते ते निव्वळ संप्रदान. क्रौर्य ही एक उक्ती आहे याचा याहून शुद्ध नमुना मला अन्यत्र आढळलेला नाही. प्रयोगशाळेत एखादे द्रव्य इतर सर्व मिश्रणांपासून वेगळे करून दाखवावे तसे ते येथे दाखविले आहे. आणि ही उक्ती कायद्याच्या माणसाची आहे. टोळीनायकाचे व्याकरण कायद्याने उसने घेतले आहे. प्रेक्षकगृहात या ठिकाणी हशा पिकतो. मेजवानीच्या वेळी जे श्वास रोखून बसतात तेच येथे हसतात. मीही प्रथम हसलो होतो. त्या हसण्याचा मला पुढे संकोच वाटला, कारण कर्ता बदलला एवढ्यावरून वाक्याचे रूप बदलत नाही. मॅलोनने कोणाला मारले नाही हा त्याचा बचाव खराच. पण बंदिवानाला ते ठाऊक नव्हते, आणि धमकीची सत्यता ऐकणाऱ्याच्या समजुतीत असते.

ही गोळी कशासाठी झाडली गेली, तर एका वहीचे वाचन व्हावे म्हणून. कपोनच्या सर्व तोंडी राज्यात लिहिलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे हिशेब. धंदा इतका वाढला होता की तो स्मरणात मावत नव्हता. इतिहासातही त्याला गाठले ते याच वाटेने. बेकायदा मिळकतीवरही कर द्यावा लागतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली दिला होता. महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी जुगाराच्या अड्ड्यांतील हिशेबवह्या व हिशेबनीस शोधून काढले आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये करचुकवेगिरीबद्दल कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली. चित्रपटाने यातील श्रेय नेसकडे वळविले आहे, तो चित्रपटाचा हक्क समजू. न्यायाधीशाने ऐनवेळी ज्यूरी बदलली ही गोष्ट मात्र इतिहासातलीच आहे. चित्रपटात ती बदलताच कपोनचा वकील अशिलाला न विचारता गुन्हा कबूल असल्याचे सांगतो. कपोन त्या वकिलाच्या अंगावर धावून जातो. हातात बॅट नाही, मेज गोल नाही, आणि भोवती जमलेल्या गर्दीत त्याला भिणारा, त्या ठोशातून काही समजून घेणारा एकही मनुष्य नाही. लघुलेखक लिहून घेत असतो.